काळजाचे सांधे

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्या वाळूवर चढल्या, त्यांच्यावर झावळ्यांची छपरं बसली, की मला परीक्षा आठवते. या दिवसांत माणसांना काय काय आठवतं. कुणाला भजी आठवतात, कुणाला शाळेचं नवं दप्तर. मला आठवते एक काचेची पट्टी, बोटाएवढी, आणि तिच्यावर चिकटवलेला काळजाचा एक काप. वर दुसरी काच नसती तर नुसत्या फुंकरीनं उडाला असता, इतका पातळ. त्या कापापायी मी एकदा नापास झालो आणि त्यानंच मला पुढं तारलं. दोहोंच्या मधे एक पावसाळा गेला, तो अजून सरलेला नाही असं मला दर वर्षी वाटतं.

लोक काळजाबद्दल फार बोलतात. त्याचं पाणी होतं म्हणतात, त्याला घरं पडतात म्हणतात, ते तुटतं, फाटतं, कुणाकुणाचं तर दगडाचंच असतं. बोलू द्यावं. मी माझी सगळी नोकरी काळीज, यकृत, मूत्रपिंड असले जिन्नस भिंगाखाली बघण्यात आणि पोरांना दाखवण्यात घालवली, तेव्हा या बाबतीत मला थोडा अधिकार आहे असं मी धरून चालतो. दगडाचं काळीज मला कुठं दिसलं नाही. पाणी मात्र त्यात बरंच असतं, तेवढं खरं. आणि कुणी विचारलं की डॉक्टर, आतून ते दिसतं तरी कसं, तर मी एकच सांगतो, की विणलेलं दिसतं.

हे सांगायला आता मला क्षणही लागत नाही. तेव्हा मात्र घाम फुटला होता. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी मुंबईला डॉक्टरकीच्या पहिल्या परीक्षेला बसलो होतो, आणि आमच्या कोळीवाड्यातून तिथवर पोचलेला पहिलाच होतो. शरीराच्या बारीक रचनेचं प्रात्यक्षिक होतं. लांब टेबलावर सूक्ष्मदर्शकांची रांग, प्रत्येकाखाली एकेक पट्टी लावून ठेवलेली. डोळा लावायचा, काय दिसतं ते लिहायचं, घंटा वाजली की पुढं सरकायचं. एका ठिकाणी मला गुलाबी पट्टे दिसले, एकमेकांत घुसलेले, तिरके-आडवे गेलेले, अंगावर बारीक रेघा असलेले. असे पट्टे सगळ्या दिशांना धावतात ते जिभेत, कारण जिभेला सगळीकडं वळावं लागतं, हे मला पाठ होतं. मी बिनदिक्कत लिहिलं, जीभ. ते काळीज होतं. एवढ्यावर कुणी नापास होत नसतं, पण तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तीच पट्टी मुद्दाम पुन्हा दाखवली, आणि मी पुन्हा जीभच म्हणालो, वर दोन कारणंही दिली. माझा स्वभावच हट्टी. अजूनही तो गेलेला नाही.

घरी आलो तेव्हा आय मासळी विकून नुकतीच परतली होती आणि टोपली धुऊन उपडी घालत होती. "कशात गेलास?" तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती माझ्या तोंडाकडं बघून अशी हसली, की शेजारीण कुडावरून डोकावली.

"आयकलंस काय गो?" आय तिला म्हणाली. "मुंबयला जाऊन शिकला, नि याला जीभ कुठली नि कालीज कुठलं तं कलत नाय! अरे, मना इचारायचं होतंस. मी रोज मासली फारते."

दुसऱ्या दिवसापर्यंत अख्ख्या आळीला कळलं. विहिरीवर गेलो की कुणीतरी तोंड उघडून पुढं यायचं, "डाक्टर, जीभ दावू? का छाती दावू?" मी हसायचो. आमच्याकडं थट्टेला हसलं नाही की ती दुप्पट होते. पण आतून मला फार लागलं होतं.

बाबा हसले नाहीत. ते दोरखंडाला पीळ घालत बसले होते. "परत कदी हाय?" त्यांनी विचारलं.

"ऑक्टोबरात."

"म्हंजे दिवालीच्या आदी." त्यांनी पीळ पुरा केला. "मंग दिवालीपर्यंत होडीवरची तुजी जागा ठेवतो. पास झालास तं डाक्टर हो. नाय तं ये. दर्या काय कोनाला नापास करीत नाय."

त्यांनी हे धीर द्यायला म्हटलं, आणि मला धडकीच भरली. दुसऱ्यांदा नापास झालेल्याला आमच्या कॉलेजात जागा राहत नसे. मला होडीची लाज नव्हती. लहानपणापासून मी होडीवर जात आलो होतो आणि जाळ्याची सुई हातात धरली तर आजही बोटं चुकत नाहीत. पण मला डॉक्टर व्हायचं होतं. भूक लागावी तसं ते मला लागलेलं होतं. आणि जीभ आणि काळीज न ओळखता आलेला माणूस म्हणून जन्मभर होडीत बसायचं, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

इथं आमच्या होडीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडं डोल लावत. डोल म्हणजे लांबच लांब पिशवीसारखं जाळं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना तिचं तोंड बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी आपणच आत येते. आमच्या होडीची डोल एका घरची नव्हती. होडीवर जाणाऱ्या प्रत्येकानं आपापला तुकडा विणून आणायचा, ते सगळे एकमेकांना सांधले की डोल पुरी व्हायची. तुकडा ज्याचा, मासळीत वाटा त्याचा. सांधताना दुहेरी गाठ मारत. मग ऐनाच्या झाडाची साल काहिलीत उकळून त्या काढ्यात सगळी डोल बुडवत, म्हणजे खाऱ्या पाण्यात जाळ्याचा ताग लवकर कुजत नसे. दुहेरी गाठींत रंग जास्त मुरायचा. सुकायला टांगलेली डोल लांबून बघितली तर त्या तांबूस जाळ्यात सांध्यांच्या ओळी काळ्या उठून दिसत, आणि कुणाचं कुठं संपलं नि कुणाचं कुठं सुरू झालं ते नेमकं कळे.

आणि जो होडी सोडतो त्याचा तुकडा डोलीतून काढून त्याला परत देतात, हीही रीतच. आमच्या होडीवरचा पांडू मुंबईला गिरणीत लागला, त्या वर्षी त्याचा तुकडा सुरीनं सोडवून घरी पोचवला होता. त्यात भांडण नव्हतं, राग नव्हता. पण तो तुकडा त्याच्या पडवीत तसाच टांगलेला राहिला आणि त्याची बायको त्यावर ओली लुगडी वाळत घालू लागली. मी कॉलेजात गेलो तरी माझा तुकडा डोलीत होता. "आजून कुठं डाक्टर झालाय," बाबा म्हणत. म्हणजे पास झालो तर तुकडा निघणार, नापास झालो तर राहणार. मला पास तर व्हायचं होतं, आणि तुकडा निघायला नको होता. दोन्ही एकदम कसं जमावं ते काही मला सुचत नव्हतं.

परवा किनाऱ्यावर गेलो होतो. आता जाळी नायलॉनची असतात, हिरवी, निळी, नारिंगी, एखाद्या लग्नाच्या मांडवासारखी. काढा नाही, काहील नाही, सालीचा तो तुरट वास नाही. एक तरुण पोरगा खुर्चीवर बसून मोबाइलवर गाणी ऐकत जाळं सांधत होता. मी थोडा वेळ बघितलं आणि म्हटलं, "गाठ सैल पडतेय तुझी." त्यानं वर बघितलं. "काका, तुम्ही पण कोली काय?" म्हटलं, हो. "वाटत नाय," तो म्हणाला आणि गाठ घट्ट केली. मला बरं वाटलं, गाठीचं.

तर तो पावसाळा. माझ्यापाशी एका वरच्या वर्गातल्या मुलानं दिलेली काचेच्या पट्ट्यांची लाकडी पेटी होती, पण बघायला यंत्र कुठलं आणायचं? तेव्हा मला आंतोन सर आठवले. ते निर्मळला राहत आणि मिशनच्या शाळेत मला विज्ञान शिकवायला होते. शाळेला कुणा परदेशी फादरनं दिलेला एक पितळी सूक्ष्मदर्शक होता. शाळेचं छप्पर गळायचं, म्हणून पावसाळ्यात सर तो आपल्या घरी आणून ठेवत, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. मी जाऊन सगळी हकिकत सांगितली. जिभेची गोष्ट ऐकून तेही हसले, पण तोंडावर हात ठेवून.

"यंत्र तुझंच समज," ते म्हणाले. "पण उजेड माझ्या हातात नाही बाबा. तो देवाकडं मागावा लागेल."

त्या यंत्राला दिवा नव्हता. खाली एक वाटोळा आरसा होता, तो खिडकीकडं वळवायचा आणि आभाळाचा उजेड पट्टीवर पाडायचा. पावसाळ्यात आभाळ कसलं, ओली घोंगडी नुसती. म्हणून मी उघडिपीची वाट बघू लागलो. बाबांनाही उघडीपच हवी असे, काढ्यातून काढलेली डोल सुकवायला. सकाळी आम्ही दोघं ओटीवर उभे राहून समुद्राकडं बघत असू. पश्चिमेला जरा पांढुरकं दिसलं की ते काहिलीकडं वळत आणि मी निर्मळची वाट धरी. आगाशी गावावरून जाणारी ती वाट मला आजही पावलापावलानं येते. दोन्हीकडं केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, पाटातलं गढूळ पाणी, कुणाच्या तरी आवारातून येणारा मोगऱ्याचा वास. खिशात ती पेटी खुळखुळायची आणि वर आभाळ आपला विचार बदलेल की काय म्हणून मी जवळजवळ धावत जायचो.

बऱ्याचदा ते बदलायचंच. मी पोचेपर्यंत पुन्हा अंधारून यायचं, आणि मग सर आणि मी नुसते बसायचो. त्यांच्या घरच्या बाई चहा आणून देत, सोबत पाव. सर मला पाठ म्हणायला लावत. "काळीज आणि इतर स्नायू यांतला फरक सांग." मी घडाघडा सांगायचो. हातापायाचा स्नायू म्हणजे सरळ लांब तंतू, त्यांना फांद्या नाहीत, केंद्रकं कडेला सारलेली. काळजाच्या तंतूंना फांद्या फुटतात, त्या शेजारच्या तंतूंना जाऊन मिळतात, केंद्रक मधोमध. "हे तुला येतं," सर म्हणत, "मग दिसत का नाही?" पाठ झालेली गोष्ट दिसत नाही, हे मला पुढं शिकवताना कळलं. पोरं पुस्तक बघतात, भिंगातून बघतानाही.

मग एका दुपारी ऊन पडलं. अगदी लख्ख, न्हालेलं. मी पेटीतली काळजाची पट्टी लावली. ती कॉलेजातल्यासारखी गुलाबी नव्हती, तिला निळसर काळा रंग दिलेला होता. तो रंगही एका झाडाच्या लाकडातून काढतात, हे मला नंतर कळलं, आणि ऐनाच्या काढ्याची आठवण होऊन गंमत वाटली. मी आरसा फिरवला, भिंग खाली आणलं, बारीक स्क्रू हलवला. धुरकट होतं ते सरकलं आणि एकदम सगळं उभं राहिलं.

जाळं होतं ते. लांबट डोळ्यांचं, ओढलेलं, फांदीला फांदी मिळालेलं जाळं. जिभेत पट्टे एकमेकांच्या वरून-खालून जातात, एकमेकांना मिळत नाहीत, हे मला त्या क्षणी न सांगता समजलं. आणि त्या जाळ्यात, प्रत्येक पट्ट्यावर थोड्या थोड्या अंतरानं, आडवी काळी ओळ होती. मी डोळा बाजूला केला, पुसला, पुन्हा लावला. ओळी तिथंच होत्या. मला सुकायला टांगलेली आमची डोल दिसू लागली.

"सर," मी म्हणालो, "हे सांधलेलं आहे!"

सरांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला, कारण उजेड होता तोवर त्यांनाही मोह सुटत नव्हता. मग म्हणाले, "पुस्तकात काय म्हटलंय?"

पुस्तकात वेगळंच म्हटलं होतं. त्या काळची सगळी पुस्तकं एकमुखानं सांगत, की काळीज हे सलग आहे. त्यात वेगवेगळ्या पेशी नाहीतच, सगळ्या एकमेकांत विरघळून एकच अखंड जाळं झालेलं आहे, म्हणून तर ते सगळं मिळून एका वेळी आकुंचन पावतं. त्या आडव्या ओळींचा उल्लेख असे, पण त्या नेमक्या काय आहेत यावर पुस्तकं गुळमुळीत बोलत. मला ते पटेना. सलग विणलेल्या जाळ्यात आडवी काळी ओळ येईलच कशी? ती जिथं दोन तुकडे जोडतात तिथंच येते. मी ते चित्र काढलं. पुन्हा पुन्हा काढलं. प्रत्येक ओळीवर नीट, दुहेरी, घट्ट गाठी मारल्या.

सरांनी माझं चित्र खिडकीपाशी धरून बघितलं. "सुंदर आलंय," ते म्हणाले. "पण हे अर्नाळ्याचं काळीज झालं रे."

मी ऐकलं नाही. घरी आलो की बाबांच्या समोर बसून डोल सांधायचो. बाबा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. माझ्या तुकड्याच्या एका अंगाला बाबांचा तुकडा होता, दुसऱ्या अंगाला काकांचा. उंदरांनी कुरतडलेलं काढून टाकायचं, नवं सूत घालायचं, ओळीवर दुहेरी गाठ. आय जवळच ताग कातत बसायची. मी माझ्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवायचो आणि दिवाळीनंतर इथं सुरी लागेल असं मनात यायचं, मग उगाच गाठ जास्त आवळली जायची.

"इतकी नको आवलू," बाबा एकदा म्हणाले. "सूत कापतं."

नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरल्या. माझी जागा रिकामी ठेवून आमची होडी गेली, एका माणसाचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलं. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून ती लहान होत जाताना बघितली आणि मला त्या दिवशी रडू आलं. आय बाजूला उभी होती. "जा, अब्यास कर," ती म्हणाली. "नि या बारीला कालजालाच कालीज बोल."

ऑक्टोबर आला. पुन्हा ते लांब टेबल, पुन्हा ती घंटा. या वेळी मी काळीज लांबूनच ओळखलं, जत्रेत घरचं माणूस ओळखावं तसं. लिहिलं, आणि खाली चित्रही काढलं, गाठींसकट. तोंडी परीक्षेला परीक्षक दुसरे होते, उंच, पांढऱ्या मिशांचे, इंग्रजीतच बोलणारे. त्यांनी माझं चित्र पुढं ठेवलं आणि पेन्सिलीचं टोक एका गाठीवर टेकवलं.

"हे काय आहे?"

मला इंग्रजी सुचेना. मी म्हणालो, "सर, जॉइंट." मग वाटलं, आता मागं हटायचं नाही. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना डोल सांगितली, तुकडे सांगितले, काढा सांगितला. ऐकून झाल्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शक माझ्याकडं सरकवला, खाली सरांकडं बघितली तसलीच निळसर काळी पट्टी होती. "मला गाठ दाखव."

मी डोळा लावला. ओळ सापडली. तिच्यावर मोठं भिंग आणलं. ओळ होती, काळी, स्पष्ट. जिन्याच्या पायऱ्यांसारखी थोडी वर, थोडी खाली गेलेली. पण गाठ नव्हती. मी पट्टी सरकवली, दुसरी ओळ बघितली, तिसरी बघितली. कुठंच गाठ नव्हती. त्या सगळ्या पावसाळ्यात मी इतक्या वेळा बघितलं होतं आणि दर वेळी गाठ बघितली होती.

"नाही दिसत," मी म्हणालो. "ओळ दिसते. गाठ नाही."

"मग पुस्तक खरं? हे सलग आहे?"

हा सापळा होता की सरळ प्रश्न, मला कळलं नाही. हो म्हणालो असतो तर कदाचित तिथंच सुटलो असतो. पण ओळ मला दिसत होती. मी म्हणालो, "सर, ओळ आहे. ती पायऱ्यापायऱ्यांची आहे. ती काय आहे ते मला ठाऊक नाही."

त्यांनी स्वतः डोळा लावला, मग खुर्चीत मागं टेकले. "मलाही ठाऊक नाही," ते म्हणाले. "कितीतरी वर्षं बघतोय." त्यांनी रबर माझ्यापुढं ठेवलं. "गाठी पूस. ओळ राहू दे. दिसतं तेवढं काढावं, घरून आणलेलं त्यात घालू नये."

मी गाठी पुसल्या, एकेक. पुसताना मला वाईट वाटलं नाही. मला उलट मोकळं वाटलं. मी पास झालो.

ही बातमीही मीच घरी नेली. दिवाळी तोंडावर आली होती. आयनं कपाळाला कपाळ लावलं आणि मग शेजारणीला हाक मारून सांगितलं, की पोराला कालीज गवसलं. बाबा किनाऱ्यावर होते, डोल वाळूवर पसरलेली होती. मी सांगितलं तसे ते माझ्याकडं बघून नुसते हसले, सगळे दात दिसतील असे. त्यांना तसं हसताना मी फार थोड्या वेळा बघितलंय. मी त्यांच्या कमरेची सुरी मागितली. म्हटलं, रीत आहे तर दुसऱ्या कुणी करण्यापेक्षा आपल्या हातानं करावी. माझ्या तुकड्यापाशी उकिडवा बसलो. काळी ओळ बोटाला लागली, आणि काही केल्या सुरी पुढं जाईना.

"काय करतंस?" बाबा म्हणाले.

"सोडवतो माझं."

"खुला हायेस काय?" त्यांनी सुरी माझ्या हातातून काढून घेतली. "काडलंस तं दोनी अंगाला भोक परेल. सीजन चालू हाय. रवू दे."

काका तिथंच उभे होते. पांडूचा तुकडा याच बाबांनी भर हंगामात काढला होता आणि दोन्ही अंगांची भोकं मी त्यांच्याबरोबर बसून विणली होती. काकांनी तोंड उघडलं, बाबांकडं बघितलं आणि मिटलं. मी इतका सुखावलो होतो, की बोललो असतो तर रडलो असतो.

पुढं काही वर्षांनी मी स्वतः शिकवायला लागलो, तेव्हा परदेशातल्या एका मासिकात काळजाचे नवे फोटो आले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेले, काळेपांढरे. ती आडवी ओळ त्यात हातभर रुंद दिसत होती. तिथं दोन भिंती होत्या, एका पेशीची एक आणि दुसरीची दुसरी, बोटांत बोटं गुंतवावीत तशा एकमेकींत गुंतलेल्या. म्हणजे पुस्तकं चुकली होती, काळीज सलग नव्हतंच. ते वेगवेगळ्या पेशींचंच, प्रत्येकीची आपली भिंत शाबूत. आणि चुकलो मीही होतो, कारण तिथं गाठ मारणारं सूतही नव्हतं. दोघीच एकमेकींना धरून होत्या. मी तो अंक घेऊन सगळ्या विभागात फिरलो. कुणी म्हणालं, तुम्ही तर आधीच ओळखलं होतं. मी स्पष्ट सांगितलं, की नाही. मी जाळं ओळखलं होतं. काळीज मला ओळखायला लावलं ते त्या मिशांच्या परीक्षकांनी.

पण एक गोष्ट मी त्या फोटोंवरून मनाशी धरली आणि तिच्यावर आजही ठाम आहे. एकजीव व्हायला एकमेकांत विरघळावं लागतं असं लोकांना वाटतं. संसारात वाटतं, गावात वाटतं. आमच्या किनाऱ्यावर हिंदूंच्या होड्या आणि ख्रिस्ती कोळ्यांच्या होड्या एकाच वाळूवर चढत, एकमेकांच्या होड्या ओढायला सगळे हात लागत, आणि संध्याकाळी जो तो आपापल्या देवापुढं उभा राही. त्यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. ज्या काळजावर आपण सगळे जगतो ते असंच आहे. वेगळं राहून घट्ट धरलेलं, आणि तरी एका ठेक्यात चालणारं.

मी अंक बाबांनाही दाखवला. त्यांनी फोटो उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. "कसला हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काळजाचा. "मना तं चिखल दिसतं," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

आता एवढंच सांगायचं राहिलं. मी पास होऊन वसतिगृहावर परतलो त्या हंगामापासून गावचं कुणीतरी मुंबईला येताना माझ्यासाठी एक गाठोडं आणू लागलं. कधी सुके बोंबील, कधी जवळा, कधी वाकट्या. वासानं खोलीतली मुलं पळत आणि भाजले की परत येत. पहिलं गाठोडं घेऊन काका आले होते. मी विचारलं, हे काय? "बापानं दिलं," ते म्हणाले. "तुज्या जाल्याचा वाटा."

मी डॉक्टर झालो तरी गाठोडं आलं. लग्न झालं, बिऱ्हाड केलं, तिथंही आलं. मुलं झाली, ती बोंबील भाजायला शिकली, तरी येत राहिलं. बाबा होते तोवर एक हंगाम चुकला नाही. भिंगाखाली दिसेल ते खोदून विचारायची माझी सवय, पण माझा तुकडा डोलीत अजून कसा, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ताग मी ओळखतो. कितीही काढा पाजा, दोन-तीन पावसाळ्यांत तो विटतो आणि हाताला पिठासारखा लागतो. इतकी वर्षं टिकलेलं तागाचं जाळं मी तरी कुठं पाहिलेलं नाही.